टंचाईच्या महिन्यातलं नववर्ष : मलावीतल्या एका मिशनरी कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य मलावीतलं, राजधानी लिलाँग्वेच्या दक्षिणेकडचं चेवा समाजाचं एक खेडं. डिसेंबर २०२२ चा शेवटचा आठवडा. गावात प्रेस्बिटेरियन मंडळीचं, म्हणजे चर्चचं, छोटं प्रार्थनागृह आहे. या भागात दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मंडळीचे मिशनरी १८८९ साली आले. त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या आज पूर्णपणे स्थानिक नेतृत्वाखाली चालतात. बाहेरून आलेला मिशनरी इथे पाहुणा असतो, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

कुटुंब महाराष्ट्रातलं. नवरा हातपंप दुरुस्तीचं प्रशिक्षण देतो आणि बायबलवर्ग घेतो, बायको परिचारिका आहे. मुलं ११ आणि ७ वर्षांची. गावातलं हे त्यांचं तिसरं नववर्ष. नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

मराठी ख्रिस्ती घरातून आलेल्या या मंडळींच्या मनात नववर्षाचं चित्र ठरलेलं होतं : ३१ तारखेच्या रात्री उपासना, बारा वाजता घंटा, नव्या वर्षासाठी बायबलमधलं वचन, नाताळच्या फराळातल्या उरलेल्या करंज्या-शंकरपाळ्या, दुसऱ्या दिवशी घरी जेवायला माणसं. गावातलं चित्रही वरवर तसंच दिसतं. रात्रभर गाणी आणि प्रार्थना, दुसऱ्या दिवशी नवे कपडे, परवडलं तर भात आणि कोंबडी. दिवस तोच असला तरी तो शेतीच्या वर्षात कुठे येतो, ते मात्र अगदी वेगळं आहे.

मलावीत मका नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या पावसावर पेरतात आणि एप्रिल-मेमध्ये काढतात. म्हणजे १ जानेवारीला शेतात मका गुडघाभरही नसतो आणि घरातली कणगी तळाला गेलेली असते. शेतीत काम सर्वांत जास्त आणि पोटात अन्न सर्वांत कमी, असे हे महिने मार्चपर्यंत चालतात. बरीच घरं दिवसात एकदाच न्सिमा करतात. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिच्याबरोबर जे कालवण असतं, त्याला न्दिवो म्हणतात.

त्या वर्षी टंचाईत आणखी भर पडली होती. मे २०२२ मध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, २५ टक्के अवमूल्यन झालं होतं. जानेवारी २०२२ मधल्या अ‍ॅना वादळात कापिचिरा जलविद्युत केंद्राचं नुकसान झाल्यामुळे वीज तासन्‌तास जायची, आणि पिठाची गिरणी विजेवर चालणारी. शिवाय कॉलरा. मार्च २०२२ मध्ये दक्षिणेत सुरू झालेली साथ वर्षअखेरीस जवळजवळ देशभर पसरली होती. ती संपेपर्यंत १,७०० हून अधिक माणसं गेली.

अडचण

आदल्या वर्षी, म्हणजे १ जानेवारी २०२२ ला, कुटुंबाने स्वतःच्या फाटकावर साखरेच्या एक-एक किलोच्या ६० पुड्या आणि साबण वाटले होते. सकाळी सातला ४० माणसं होती, नऊ वाजता २०० च्या वर. पुड्या संपल्या, रेटारेटी झाली, एका मुलाचा हात फाटकात सापडून कापला. ज्यांना मिळालं नाही ते नाराज झाले. गावाच्या म्फुमूला, म्हणजे प्रमुखाला, आधी काही कळवलेलं नव्हतं, त्यामुळे तोही दुखावला.

हे का घडलं, याची दोन कारणं आहेत. पहिलं उघड आहे : मोजकी वस्तू, न मोजलेली माणसं, एकच फाटक. दुसरं कारण कुटुंबाला उशिरा उमगलं. मलावीत भारतीय माणसाला ‘अम्वेन्ये’ म्हणतात, आणि हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या दुकानाशी जोडला गेलेला आहे, कारण तिथले बहुतेक भारतीय व्यापारात आहेत. मिशनरी असला तरी भारतीयाचं फाटक म्हणजे मालाची कोठी, अशी समजूत आधीपासून असते. फाटकावर वाटप केलं की ती पक्की होते. नंतरचे सहा महिने रोज कोणी ना कोणी साखर मागायला येत राहिलं. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

म्हणून या वेळचा प्रश्न असा होता : उपाशी शेजाऱ्यांच्या मधोमध राहून नवं वर्ष साजरं कसं करायचं, की घरात दार लावून खाणंही होणार नाही आणि दारात दान मांडणंही होणार नाही? आणि कॉलऱ्याच्या दिवसांत शे-दोनशे माणसं एकत्र जेवायला बसवणं कितपत योग्य?

कोणते पर्याय तोलले

मंडळीचे वडील (म्हणजे चर्चचे ज्येष्ठ पुढारी), मंडळीतल्या महिला संघाच्या प्रमुख बाई, गावातला आरोग्य कर्मचारी आणि कुटुंब यांची १० डिसेंबरला बैठक झाली.

काहीच करायचं नाही, फक्त रात्रीची उपासना ठेवायची, हा सर्वांत सुरक्षित मार्ग होता. आरोग्य कर्मचाऱ्याचा कल तिकडे होता. महिला संघाने तो मान्य केला नाही. भुकेच्या महिन्यात मांसाचं एक जेवण ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती. आणि गावात अंत्यविधीची जेवणं होतच होती, मग आनंदाचंच तेवढं बंद का, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

घरोघर पीठ वाटणं पोटाच्या हिशेबाने सर्वांत उपयोगी. पण ते करायचं तर गावाची पूर्ण यादी हवी आणि यादीत कोण, हे ठरवणारा कोणी तरी हवा. तीन आठवड्यांत नवी भांडणं उभी राहिली असती.

रोख रक्कम मंडळीकडे देऊन बाजूला होणं, हा नवऱ्याला पटलेला मार्ग होता. वडिलांनीच तो नाकारला. पैसा दिसला की हिशेबाचा संशय येतो, शेळी मात्र सगळ्यांना दिसते, असं त्यांचं म्हणणं.

प्रत्येकाने आपापलं काही आणून एकत्र जेवणं, ही कुटुंबाची पहिली आवड. मराठी मंडळ्यांत प्रीतिभोजन असंच होतं. पण जानेवारीत ‘घरून पीठ आणा’ म्हणणं म्हणजे ज्यांच्याकडे नाही त्यांना घरीच बसायला सांगणं. इथे महिला संघाच्या प्रमुखांनी वाट काढली : पीठ कोणी आणायचं नाही, जे या महिन्यात प्रत्येकाकडे असतं ते आणायचं. पावसाळ्यात भोपळ्याचे वेल परसात पसरलेले असतात. त्यांची कोवळी पानं, न्ख्वानी, शेंगदाण्याचं कूट घालून शिजवतात. पानांची जुडी, सरपणाची मोळी किंवा पाण्याची बादली यांपैकी काहीतरी प्रत्येक घर आणू शकत होतं. पीठ, शेळ्या, तेल, मीठ आणि साबण कुटुंबाने द्यायचे, पण ते मंडळीच्या हातून. हाच मार्ग ठरला.

आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि तो पाहुण्यांच्या डोक्यातून आलेला नाही.

निर्णयाचे टप्पे

वार कोणता? १ जानेवारी २०२३ रविवारी आला. या भागात रविवारी स्वयंपाकाचा मोठा खटाटोप मंडळीला रुचत नाही. सोमवारी, २ तारखेला, सरकारी सुट्टी होती. तेव्हा ३१ ला रात्री उपासना, १ ला नेहमीची सकाळची उपासना आणि २ ला दुपारी जेवण, असं ठरलं.

कोणाला कळवायचं? नवरा आणि मंडळीचे एक वडील म्फुमूकडे आठ दिवस आधी गेले. जेवण मंडळीचं आहे, कुटुंबाचं नाही, हे तिथेच स्पष्ट केलं. म्फुमूने एक अट घातली : गावातली सहा मुस्लिम घरंही येतील. त्यामुळे शेळ्या कापायला मुस्लिम शेजाऱ्यालाच बोलावलं. मलावीत मिश्र वस्तीत ही रीत आहे, सगळ्यांना एकाच भांड्यातलं खाता यावं म्हणून. शेजारच्या दोन वाड्यांच्या प्रमुखांना मात्र कळवायचं राहिलं.

स्वयंपाक कोण करणार? गेल्या आठ दिवसांत स्वतःला किंवा घरात कोणाला जुलाब झाले असतील, तर त्या बाईने भांड्यांना हात लावायचा नाही, असा नियम परिचारिकेने सुचवला. तो गावातल्या सर्वांत हातखंडा स्वयंपाकिणीलाच लागू झाला, कारण तिच्या लेकाला नाताळच्या सुमारास जुलाब झाले होते. हे परिचारिकेने सांगितलं असतं तर अपमान ठरला असता. महिला संघाच्या प्रमुखांनी त्या बाईला पंगतीची देखरेख दिली. कोणाला न्सिमाचे किती गोळे वाढायचे, हे ती लांबून, चटईवर बसून सांगणार. बाई दुखावली, पण आली.

फोटो काढायचे का? महाराष्ट्रात पाठीराख्यांना दर तिमाहीला पत्र जातं आणि त्यात फोटो लागतात. कुटुंबाने ठरवलं की जेवणाऱ्यांचे फोटो नाहीत. भुकेल्या माणसाच्या हातातलं ताट हा पत्रात छापायचा पुरावा नव्हे, आणि हे आधी ठरवलेलं बरं. कॅमेरा गळ्यात अडकवल्यावर ठरत नाही.

तयारी आणि मापं

बैठकीतल्या मंडळींच्या समितीने १६० माणसं धरली : ९० मोठी, ७० मुलं.

न्सिमाला साधारण १ किलो पिठाला अडीच ते तीन लिटर पाणी लागतं. ५० लिटरच्या भांड्यात एका वेळी १० किलोपेक्षा जास्त पीठ घेऊ नये. वर जागा उरली नाही तर ढवळायचा लाकडी म्थिको फिरत नाही आणि तळाला लागतं. आधी थोड्या पिठाची पातळ पेज करून ती चांगली रटरटू द्यायची, मग उरलेलं पीठ मूठमूठ घालत दोघी-तिघींनी आळीपाळीने ढवळायचं. पेज कच्ची असताना पीठ टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. १० किलोच्या भांड्यातून वाढणीचे सुमारे २०० गोळे निघतात. मोठ्यांना ३ आणि मुलांना २, असा हिशेब करून ४१० गोळे, म्हणजे साडेवीस किलो पीठ. घेतलं २५ किलो. विजेचा भरवसा नसल्यामुळे दळण २८ डिसेंबरलाच उरकलं. तो शहाणपणा होता, कारण ३० आणि ३१ ला गिरणी बंदच होती.

शेळ्या ३, प्रत्येकी साधारण २४ किलोच्या. कापल्यावर हाडांसकट एकूण ३२ किलोच्या आसपास मांस. सुका राजमा १२ किलो, आदल्या रात्री भिजवलेला.

पेय म्हणून थोब्वा. मक्याची पातळ पेज कोमट झाल्यावर तिच्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ कालवतात आणि रात्रभर ठेवतात. आपल्या आंबिलीच्या जवळचं, पण गोडसर. मोडाच्या पिठाने पेज आपोआप गोड आणि पातळ होते. दुसऱ्या दिवशी ते सर्वांत छान लागतं.

कुटुंबाने घरी ६ किलो मैद्याच्या शंकरपाळ्या केल्या. त्या ३१ च्या रात्री उपासनेनंतर चहाबरोबर, माणशी एक मूठ. पोरांनी त्यांना ‘छोट्या मंदासी’ म्हटलं. मंदासी म्हणजे तिथले तळलेले गोड वडे. टिकणारा, मोजता येणारा आणि हात न बुडवता वाढता येणारा पदार्थ म्हणून ही निवड फार योग्य होती.

कॉलऱ्यासाठी चार नियम. हात एकाच घमेल्यात बुडवून धुवायचे नाहीत, तोटीच्या बादलीखाली साबणाने धुवायचे. न्सिमा हातानेच खातात, त्यामुळे यात सूट नाही. टोमॅटो-कांद्याची कच्ची कोशिंबीर नाही. अन्न चुलीवरून थेट ताटात, झाकून ठेवून नंतर वाढणं नाही. पिण्याचं पाणी हातपंपाचंच, पण तरीही क्लोरीन घातलेलं, कारण पंपाचं पाणी स्वच्छ असलं तरी बादली स्वच्छ असेलच असं नाही. २० लिटरच्या चार तोटीच्या बादल्या आणल्या. भांडी आणि संडासाची फरशी पुसायला ०.२ टक्के क्लोरीनचं पाणी : ७० टक्क्यांची पावडर १० लिटरला ३० ग्रॅम.

प्रत्यक्षात काय झालं

३१ ची रात्र सुरळीत गेली. पाऊस होता, तरी प्रार्थनागृह भरलं. एकच सांगण्यासारखं : कुटुंबासाठी पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. बायको चितेन्जे, म्हणजे तिथल्या बायकांचं कमरेचं कापड, गुंडाळून बायकांच्या बाजूला चटईवर जाऊन बसली, नवरा मात्र खुर्चीवरच राहिला. तिथे दोन्ही बरोबर होतं. पाहुण्या पुरुषाने खुर्ची नाकारली असती तर यजमानांना वाईट वाटलं असतं.

२ जानेवारीला पहिली अडचण थोब्वाची. जेवण रविवारवरून सोमवारवर गेलं, पण थोब्वा करायचा दिवस कोणी पुढे सरकवला नाही. शनिवारी सकाळी कालवलेलं पेय सोमवारी दुपारपर्यंत उष्म्यात ५० तास राहिलं आणि आंबून फसफसू लागलं. मंडळीत दारू वर्ज्य आहे, आणि आंबलेल्या थोब्वाला वास येतो. वडिलांनी एक घोट घेऊन ६० लिटर ओतून दिलं. टंचाईच्या महिन्यात मक्याचं पेय जमिनीवर ओतताना पाहणं सगळ्यांनाच जड गेलं.

दुसरी अडचण संख्येची. न कळवलेल्या दोन वाड्यांपैकी एकीचा प्रमुख २० माणसं घेऊन आला. एकूण साधारण २३० जण जमले. त्यातही मोठी माणसं ३ गोळ्यांवर थांबली नाहीत, ४ सहज गेले. समितीने माप भरल्या घरातल्या भुकेवरून धरलं होतं. दीडशे जणांचं वाढून झालं आणि न्सिमा संपली.

इथे परिचारिका घरच्या पोत्यातलं २० किलो पीठ आणायला निघाली. महिला संघाच्या प्रमुखांनी तिला थांबवून दोन तरुणांना मागच्या वाटेने पाठवलं. पोतं मंडळीच्या स्वयंपाकघरातून बाहेर आलं, अम्वेन्येच्या घरातून नाही. चूल पेटतीच होती, पाऊण तासात नवी भांडी उतरली. राहिलेल्यांना आधी राजमा आणि न्ख्वानी वाढून बसवून ठेवलं. पानांच्या जुड्या हिशेबाबाहेर आल्या होत्या, ७० च्या वर, आणि त्यांनीच वेळ निभावली. मांस मोठ्या डावाऐवजी लहान डावाने, रश्श्यासकट वाढलं. ते पंगतीतल्या सगळ्यांना पुरलं.

तिसरी अडचण गंभीर होती. ८० लिटर हात धुण्याचं पाणी अर्ध्या तासात संपलं. माणशी जेवणाआधी आणि नंतर मिळून पाऊण-एक लिटर लागतं, म्हणजे २०० लिटर तरी हवं होतं. रांग थांबली आणि काही बायकांनी सवयीने घमेलं पुढे केलं. आरोग्य कर्मचाऱ्याने वाढणीच थांबवली. हातपंपावर २० लिटरची बादली भरायला दीडेक मिनिट लागतं, पण पंप ३०० मीटरवर. मोठ्या मुलांची साखळी लावून पाणी सुरू होईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. त्या पंधरा मिनिटांत भुकेली माणसं बसून राहिली आणि कुरकूर झाली. वाढणी थांबवण्याचा निर्णय तरीही बरोबर होता. या दिवसात मागे हटायचं नाही अशी एकच गोष्ट होती, ती हीच.

निष्पत्ती

कॉलऱ्याची लक्षणं काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत दिसू शकतात. आरोग्य कर्मचारी ७ जानेवारीपर्यंत घरोघर फिरला. जेवलेल्यांपैकी कोणाला जुलाब झाले नाहीत. याने पद्धत निर्दोष ठरत नाही. त्या आठवड्यात गावात साथीचा रुग्ण नव्हता, हेही त्याचं कारण असू शकतं.

फाटकावर १, २, ३ तारखेला मिळून अकरा मुलं आली. शंकरपाळ्या घेऊन गेली. वर्षभर साखर मागायला येणाऱ्यांची संख्या घटली. पुढच्या रविवारी मंडळीत हिशेब वाचून दाखवला गेला : पीठ ४५ किलो, शेळ्या ३, जुड्या ७२, मोळ्या ४१. देणाऱ्यांच्या यादीत कुटुंबाचं नाव पाचव्या ओळीवर होतं.

न बोलावलेल्या दुसऱ्या वाडीचा प्रमुख मात्र आला नाही. त्याची समजूत काढायला मार्च उजाडला.

पुन्हा करायचं झालं तर

टंचाईत मोठ्या माणसामागे ५ गोळे, म्हणजे पाव किलो पीठ धरावं, आणि मुलांना ३. शिजवून मात्र दोन-तृतीयांशच ठेवावं. बाकीचं पीठ कोरडंच राखीव असू द्यावं, कारण उरलं तर ते घरी पाठवता येतं, उरलेली न्सिमा या साथीत पाठवता येत नाही.

हात धुण्याचं पाणी माणशी एक लिटर, आणि ते जेवण सुरू होण्याआधी भरून ठेवलेलं. दोन संडासांपाशी वेगळी बादली आणि साबण हवा. या खेपेला साबण फक्त पंगतीपाशी होता. साथीच्या दृष्टीने संडासाचं दार जास्त महत्त्वाचं, हे परिचारिकेलाही दुपारी दोन वाजता आठवलं.

बेत एक दिवस सरकला की नासणाऱ्या प्रत्येक पदार्थाची वेळ पुन्हा लिहून काढावी. थोब्वा जेवणाच्या आदल्या सकाळी कालवावं. आदला दिवस रविवार असेल तर ते करूच नये, साखर-लिंबाचं पाणी पुरे.

आसपासच्या किमान तीन प्रमुखांना निरोप, तोही माणूस पाठवून. अंथरुणाला खिळलेल्यांची ताटं आधी काढावीत. या वेळी ती शेवटी काढली गेली आणि दोन म्हाताऱ्यांना मांस मिळालं नाही.

एप्रिलच्या शेवटी मका घरात येऊ लागल्यावर महिला संघाने स्वतःहून नवा ठराव केला. पुढच्या १ जानेवारीला फक्त रात्रीची उपासना, चहा आणि शंकरपाळ्या. पंगत जूनमध्ये, कणग्या भरल्यावर, आणि तिला प्रत्येकाने आपलं पीठ आणायचं. शंकरपाळ्यांचं माप त्यांनी परिचारिकेकडून लिहून घेतलं. तळणार मात्र त्याच बाई होत्या, ज्यांना जानेवारीत चुलीपासून दूर बसावं लागलं होतं.